ऑइल पेंट ‘उडून’ वाळत नाही

वॉटरकलरवाले पहिल्यांदा ऑइलला हात लावतात तेव्हा कोणीतरी हमखास सांगतं की कॅनव्हासवर हेअर ड्रायर मार, तेल उडेल, लवकर वाळेल. अहो तेल उडतच नाही! उडतं ते रंग पातळ करायला घातलेलं टर्पेंटाइन. रंगातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं आणि त्यात थराचं वजन आधी चक्क वाढतं, कमी होत नाही. बर्न्ट अंबर या तपकिरी रंगातलं मँगनीज या क्रियेला जोर देतं म्हणून तो पटकन सुकतो आणि कॅडमियम रेड मात्र कितीतरी दिवस चिकटच, तेल दोन्हीत असूनसुद्धा. वॉटरकलरसारखा पातळ वॉश (टर्पेंटाइनने पातळ केलेला, कमी तेलाचा थर) कधीही वरून मारायची सवय इथे सोडा, कमी तेलाचा थर खाली, जास्त तेलाचा वर, नाहीतर तडे जायची भीती. वार्निशलाही घाई नको, आतला थर महिनोन्महिने घट्ट होत असतो.