शार्त्र कॅथीड्रल

फ्रान्समधील शार्त्र शहरातले, मेरीमातेला वाहिलेले, मध्ययुगीन युरोपातल्या टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीचे प्रधान चर्च. ते पॅरिसच्या नैर्ऋत्येस सुमारे ८० किमी.वर आहे. पॅरिसच्या माँपारनास स्थानकावरून गाडीने तासा-सव्वातासात शार्त्रला पोहोचता येते आणि स्थानकापासून चर्च चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्यामुळे बहुतेक पर्यटक सकाळी येऊन दुपारच्या गाडीने परततात. या वास्तूसाठी तेवढा वेळ पुरत नाही. इथे पाहायचा तो मुख्यतः प्रकाश, आणि तो दिवसभर जागा बदलत असतो.

बोस प्रदेशातल्या गव्हाच्या सपाट शेतांवरून या चर्चचे दोन मनोरे दुरूनच दिसतात. ते जुळे नाहीत. दक्षिणेकडचा बाराव्या शतकातला, साधा, सुमारे १०५ मी. उंच, उत्तरेकडचा सुमारे ११३ मी. उंच आणि नक्षीने भरलेला. १५०६ मध्ये वीज पडून उत्तरेकडचा जुना लाकडी कळस जळाल्यावर जेआन द बोस या वास्तुकाराने तिथे नवा दगडी कळस बांधला. दोन्ही मनोऱ्यांच्या मधे, खाली, ११५० च्या सुमाराचे तिहेरी ‘राजद्वार’ आहे. त्याच्या खांबांना चिकटून उभे असलेले लांबोडके राजे-राण्या आत शिरण्याच्या घाईत नजरेतून सुटतात.

१० जून ११९४ च्या आगीत शहराचा मोठा भाग आणि जुने चर्च जळाले. वाचला तो पश्चिम दर्शनी भाग आणि तळघर. मेरीने नेसलेले मानले जाणारे वस्त्र इथला प्रमुख पवित्र अवशेष. तेही गेले असे समजून लोक हताश झाले होते. तीन दिवसांनी ते तळघरातून सुखरूप बाहेर आले आणि मेरीला याहून भव्य घर हवे आहे, असा अर्थ लावला गेला. नवे चर्च मग गॉथिक शैलीत झपाट्याने उभे राहिले. १२२० च्या सुमारास मुख्य बांधकाम बहुतेक पूर्ण झाले होते आणि १२६० मध्ये त्याचे विधिवत अर्पण झाले. लांबी सुमारे १३० मी., मधल्या दालनाच्या छताची उंची सुमारे ३७ मी. छताचा बाहेर रेटणारा भार भिंतीपलीकडच्या दगडी आधारकमानी पेलतात. त्यामुळे भिंतींत मोठ्या मोकळ्या जागा ठेवून तिथे काच भरता आली.

आत पाऊल टाकताच फारसे काही दिसत नाही. मंद उजेडाला डोळे सरावायला थोडा वेळ लागतो. तोवर खुर्चीवर बसून राहावे. मग खिडक्या उजळू लागतात. एकूण रंगीत काच सुमारे २,६०० चौ. मी. भरते आणि तिचा मोठा भाग तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातला आहे. मध्ययुगीन काच एवढ्या प्रमाणात दुसरीकडे क्वचितच टिकली. १९३९ मध्ये युद्धाच्या भीतीने ती उतरवून सुरक्षित ठिकाणी हलवली गेली होती.

कथा सांगणाऱ्या खिडक्या बहुधा खालून वर, डावीकडून उजवीकडे वाचायच्या असतात. सर्वांत खालच्या चौकटींत चांभार, पाववाले, केसाळ कातड्यांचे व्यापारी, सराफ आपापल्या कामात दिसतात. त्या त्या व्यावसायिकांनी खिडक्यांचा खर्च उचलला असे पूर्वी मानत. आता काही अभ्यासक त्याबद्दल साशंक आहेत. वरच्या चित्रांसाठी दुर्बीण जवळ ठेवावी, नुसत्या डोळ्यांनी तिथले चेहरे हाती लागत नाहीत. वेदीजवळच्या गायनमंडपाच्या दक्षिण बाजूला निळ्या वस्त्रातली मेरी आहे. या खिडकीचा मधला भाग आगीच्या आधीचा, बाराव्या शतकातला.

फरशीवर सुमारे १३ मी. व्यासाचा दगडी चक्रव्यूह बसवलेला आहे. त्याची एकच वाट वळणे घेत मध्यापर्यंत जाते, चुकायला जागाच नाही. एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. लेंटपासून (ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ) ऑल सेंट्सपर्यंत (१ नोव्हेंबरचा संतांचा सण) सहसा शुक्रवारी तो मोकळा केला जातो.

२००९ पासून आतील भिंतींची सफाई झाली. काजळी काढून तेराव्या शतकातला पिवळसर लेप आणि दगडांच्या सांध्यांचा भास देणाऱ्या रंगवलेल्या रेषा पुन्हा दाखवल्या गेल्या. काहींना हा गुन्हा वाटला. उजळ भिंतीमुळे काचेची गूढता गेली, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप अगदीच निराधार नाही, पण काळोख ही मेणबत्त्यांच्या धुराची आणि धुळीची देणगी होती, बांधणाऱ्यांची नव्हे.

प्रवेश विनामूल्य आहे. मनोरा आणि तळघर यांसाठी वेगळे तिकीट लागते. हे चालते चर्च असल्याने प्रार्थनेच्या वेळी फिरणे बंद ठेवावे लागते. १९७९ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

उत्तरेकडच्या गुलाबखिडकीला (पाकळ्यांसारख्या रचनेची मोठी गोल खिडकी) थेट ऊन लागत नाही, म्हणून तिचा निळा सकाळी गंभीर वाटतो. पश्चिमेच्या बाराव्या शतकातल्या तीन उंच खिडक्या मात्र सकाळी मंदच असतात. दुपार कलली, ऊन समोरून आले, की येशूचे बालपण, त्याचे क्लेश आणि येशूचा पूर्वज जेसी याचा वंशवृक्ष एकदम पेटल्यासारखे दिसतात. दुपारच्या गाडीने परतणाऱ्यांना ते दिसत नाही.