पावती पक्की, पण काटा?

मागच्या गळीत हंगामात एका रात्री मी आप्पांच्या सोबत उसाच्या गाडीवर गेलो होतो. आप्पा म्हणजे माझे धाकटे चुलते, वाळवा तालुक्यातले. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या आणि पुढे गाड्यांची भली मोठी रांग. पहाटे आमचा नंबर लागला. भरगाडीचं वजन झालं, ऊस टाकून मोकळी गाडी परत काट्यावर आली आणि खिडकीतून पावती मिळाली. संगणकावर छापलेली, वेळ सेकंदापर्यंत दिलेली, कुठे खाडाखोड नाही. आप्पांनी बंडीच्या खिशातून दुसरी चिठ्ठी काढली. कारखान्याकडे यायच्या आधी त्यांनी रस्त्यावरच्या खासगी काट्यावर भरगाडी वजन करून घेतली होती. दोन आकड्यांत नऊ क्विंटलांचा फरक.

"वाटंत मोळ्या पडल्या असतील," खिडकीतला म्हणाला.

आप्पा मला म्हणाले, "पावती खोटी नसती रं. ती काटा सांगंल तेच छापती."

हे आठवायचं कारण त्यांचा नातू. कराडजवळ वारुंजीच्या धावपट्टीवरून उडणारी छोटी विमानं बघत तो लहानाचा मोठा झाला आणि आता परराज्यात वैमानिकाचं प्रशिक्षण घेतोय. दिवाळीला आला तेव्हा उत्साहाने सांगत होता, "काका, आता लॉगबुक ब्लॉकचेनवर येणार. मग खोटे तास लिहिणं कायमचं बंद!" त्याचं लॉगबुक मी तेव्हा पहिल्यांदा हातात घेतलं. आडवी वही, प्रत्येक ओळीत एक उड्डाण: तारीख, विमानाचा प्रकार, शेपटीवरचा नोंदणी क्रमांक, कुठून कुठे, प्रशिक्षकासोबत की एकट्याने, दिवसा की रात्री, किती तास. पानाच्या तळाला बेरीज आणि सही.

या बेरजेवर बरंच काही अवलंबून असतं. भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवायला किमान २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यातले किमान १०० तास विमानाची सूत्रं स्वतःकडे घेऊन. एकेक तास हजारो रुपयांचा, त्यामुळे न उडता तास लिहायचा मोह जुना आहे. इंग्रजी बोलणाऱ्या वैमानिकांत अशा तासांना 'पार्करचे तास' म्हणतात, म्हणजे पार्करच्या पेनाने उडवलेले. २०११ साली राजस्थानातल्या एका उड्डाण प्रशिक्षण संस्थेत न झालेल्या उड्डाणांचे तास वह्यांत भरल्याची चौकशी झाली होती. त्याच वर्षी गोव्यात एक प्रवासी विमान मागच्या मुख्य चाकांऐवजी आधी पुढच्या चाकावर उतरवलं गेलं आणि त्याच्या तपासातून वैमानिकांच्या बनावट गुणपत्रिकांचं प्रकरण बाहेर पडलं.

तर ब्लॉकचेन यात नेमकं काय करते?

आधी 'हॅश' समजून घेऊ. कोणताही मजकूर, एक ओळ असो की अख्खी वही, एका ठरलेल्या गणिती चरकातून पिळून काढायचा. एसएचए-२५६ नावाच्या चरकातून नेहमी ६४ चिन्हांचा चोथा बाहेर पडतो. (चरकाची उपमा आमच्या भागाची आहे, चालवून घ्या.) मजकुरात १.२ चं १.३ केलं तरी ही ६४ चिन्हं ओळखू येणार नाहीत इतकी बदलतात, आणि चोथ्यावरून मूळ ऊस परत बनवता येत नाही. आता प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा हॅश घातला, की मधली एक नोंद बदलणाऱ्याला तिच्यापुढच्या सगळ्या बदलाव्या लागतात. ही झाली साखळी, म्हणजेच ब्लॉकचेन. तिच्या प्रती अनेकांच्या संगणकांवर ठेवल्या की गुपचूप फेरफार करणं जवळपास अशक्य होतं.

ब्लॉकचेन गाजली ती बिटकॉइन या डिजिटल चलनामुळे, पण ही कल्पना त्याच्या आधीची आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टोर्नेटा या दोघांनी १९९१ साली कागदपत्रांवर न पुसता येणारा काळाचा शिक्का कसा मारायचा ते दाखवलं. पुढे त्यांची कंपनी १९९५ पासून दर आठवड्याला साखळीतला ताजा हॅश न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला लागली. जमीन घेताना आपण पेपरात जाहीर नोटीस देतो ना, अगदी तसंच. जगभर पोहोचलेले अंक गोळा करून कोण बदलणार? बिटकॉइनची साखळी सुरू झाली जानेवारी २००९ मध्ये.

म्हणजे लिहिलेलं मागाहून कुणी बदललं का, हा प्रश्न ब्लॉकचेन चोख सोडवते. पण खोटं लॉगबुक मागाहून खाडाखोड करून फार क्वचित तयार होतं. ते पहिल्याच वेळी खोटं लिहिलं जातं, निवांत बसून, स्वच्छ अक्षरात. अठ्ठेचाळीस मिनिटं उडून दीड तास लिहिला आणि प्रशिक्षकाने डोळेझाक करून सही ठोकली, तर साखळी तो दीड तास तितक्याच इमानाने जगाच्या अंतापर्यंत जपून ठेवेल. उलट, मूळचं खोटंच आता 'ब्लॉकचेनवर आहे' म्हणून जास्त खरं वाटायला लागेल. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात धोक्याची वाटते.

संगणकशास्त्रात या अडचणीला 'ओरॅकल'चा प्रश्न म्हणतात. ओरॅकल म्हणजे देवाचा कौल देणारा. साखळीला बाहेरच्या जगाचे डोळे नसतात, कुणीतरी कौल लावून सांगावं लागतं की विमान उडालं. कौल लावणारा गुरवच फितूर असला तर पुढचं सगळं गणित त्याच्याच बाजूने चालतं.

न लिहिलेल्या गोष्टीचं काय, हे तर आणखी अवघड. विमान जोरात आपटून उतरलं आणि कुणी नोंदच केली नाही, तर साखळी कशी ओरडणार?

मग खोटं पकडायचं कशाने? एकमेकांशी संगनमत नसलेल्या साक्षीदारांनी. अनेक लहान विमानांत हॉब्ज मीटर असतं, जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या आकड्यांसारखं. त्याचं शेवटचं चाक तासाचा दहावा भाग मोजतं, म्हणजे दर सहा मिनिटांनी एक घर पुढे सरकतं. उडण्याआधी २३१४.६ आणि उतरल्यावर २३१५.४ असेल तर ०.८ तास, म्हणजे आपली अठ्ठेचाळीस मिनिटं. सेसना १५२ हे प्रशिक्षणाचं विमान ताशी साधारण २२ लिटर इंधन पितं. अठ्ठेचाळीस मिनिटांना साडेसतरा लिटरच्या आसपास, दीड तासाला ३३. इंधनाच्या रजिस्टरमध्ये १८ लिटर आणि लॉगबुकात दीड तास दिसला, तर हिशेब घालायला सायंटिस्ट लागत नाही. शिवाय इंजिनाचं वेगळं लॉगबुक असतं, जिथे नियंत्रण मनोरा आहे तिथे टॉवरच्या नोंदी असतात, नव्या काचेच्या पडद्यांच्या कॉकपिटमध्ये उड्डाणाची माहिती मेमरी कार्डावर उतरते. यातल्या एकेकट्याला फसवता येतं. विमान जागेवर उभं करून इंजिन चालू ठेवलं तरी बऱ्याच विमानांत हॉब्ज पळत राहतं. पण सगळ्यांना एकाच वेळी, एकाच मापाने फसवणं महाकठीण.

ब्लॉकचेनवाल्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा विमानाच्या सुट्या भागांचा आहे आणि तो मी झटकणार नाही. इंजिनातल्या चकतीने किती उड्डाणं पार पाडली यावर तिचं आयुष्य ठरतं. ती देशोदेशी, मालकामालकांकडे जाते, आणि कुणाचा कुणावर विश्वास नसतो. कागद खोटा निघाला तर काय होतं? ८ सप्टेंबर १९८९ रोजी ओस्लोहून हॅम्बुर्गला निघालेलं पार्टनेअर या विमान कंपनीचं विमान डेन्मार्कजवळ समुद्रात कोसळलं, ५५ जण गेले. शेपटी धरून ठेवणारे बोल्ट बनावट निघाले. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या एका पुरवठादाराने खोट्या प्रमाणपत्रांवर इंजिनाचे भाग विकल्याचं उघड झालं. ते कसं उघड झालं, हे मात्र मजेशीर आहे. लिस्बनमध्ये देखभाल करणाऱ्यांना कागदावर नवाकोरा असलेला एक भाग हातात घेतल्यावर जुना वाटला. त्यांनी इंजिन बनवणाऱ्यांकडे विचारणा केली आणि प्रमाणपत्रावरची सही बनावट ठरली.

आता प्रमाणपत्र देणाऱ्याने त्यावर डिजिटल सही केली असती, तर घेणाऱ्याला ती खरी की खोटी हे मिनिटात तपासता आलं असतं. हे तंत्र १९७० च्या दशकातलं आहे, आपला डिजिटल सहीचा सातबारा त्यावरच चालतो. त्याला साखळी लागत नाही. आणि वैमानिकाचा परवाना देशात एकच यंत्रणा देते, डीजीसीए. शेवटचा शब्द एकाच्याच हाती असेल तर हजारो संगणकांचं एकमत कशाला हवं? कोणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणारा साधा डेटाबेस पुरतो. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम ही संगणक कंपनी यांनी जहाजवाहतुकीच्या कागदपत्रांसाठी ब्लॉकचेनवर उभं केलेलं ट्रेडलेन्स हे सामाईक व्यासपीठ बंद करत असल्याचं नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालं. तिथे सगळ्या कंपन्या एका ताटात जेवायलाच बसल्या नाहीत.

नातवाला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो जरा हिरमुसला. आप्पा मात्र कान देऊन ऐकत होते. ब्लॉकचेन त्यांना कळली नसावी, हॉब्ज मीटर लगेच कळलं. "म्हंजे तुझ्या इमानाला बी भायेरचा काटा हाय म्हण की."

तेव्हापासून पोरगा प्रत्येक उड्डाणाआधी आणि नंतर मीटरचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. आप्पा चष्मा लावून वजाबाकी करतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात मांडून ठेवतात. परवा गेलो तेव्हा एका चौकोनात पेन्सिलीने उसाच्या दोन खेपांची दोन-दोन वजनं होती, आणि खाली कोपऱ्यात ०.८.