मोझार्टचा ‘रिक्विएम’: किती त्याचा, किती इतरांचा?

कार्यक्रमपत्रिकेत ‘मोझार्ट: रिक्विएम, डी मायनर, के. ६२६’ अशी एकच ओळ छापलेली असते. प्रत्यक्षात सुमारे पाऊण तास ते तासभर चालणाऱ्या या रचनेतला मोझार्टने सगळ्या वाद्यांसकट स्वतः लिहून संपवलेला भाग जेमतेम पाच मिनिटांचा आहे. बाकीच्यात कुठे त्याचं गायन आणि दुसऱ्याचं वादन आहे, कुठे आठ बारनंतर (बार म्हणजे तालाचं एक माप) हात बदललाय, तर कुठे त्याच्या हातची एक ओळही सापडत नाही. हे थर कसे पडले ते कळलं की ऐकणं बदलतं, म्हणून ती हकिगत जरा तपशिलात.

रिक्विएम म्हणजे मृतांच्या आत्म्याला शांती लाभावी यासाठीची कॅथलिक मिस्सा. तिचे लॅटिन शब्द ठरलेले असतात, संगीतकाराने त्यांना चाल द्यायची असते. १४ फेब्रुवारी १७९१ रोजी व्हिएन्नाजवळच्या श्टुपाख इथल्या काउंट फ्रान्झ फोन वाल्सेगची विशीतली पत्नी आना वारली. तिच्या वर्षश्राद्धाला वाजवण्यासाठी काउंटने त्या उन्हाळ्यात मोझार्टकडे रिक्विएम मागितला, पण मध्यस्थामार्फत आणि नाव न सांगता. अर्धे पैसे आगाऊ दिले. नाव लपवण्यामागे गूढ काही नव्हतं. काउंट हौशी वादक होता. तो संगीतकारांकडून रचना विकत घ्यायचा, स्वतःच्या हाताने उतरवून काढायचा, वाड्यातल्या मैफलीत वाजवायला लावायचा आणि ‘ओळखा पाहू कुणाची’ असं विचारायचा. पदरचे वादक ‘आपलीच’ म्हणायचे आणि तो नुसता हसायचा. राखाडी कपड्यातला अनोळखी दूत म्हणजे यमदूतच, ही दंतकथा याच व्यवहारावर रचली गेली. व्हिएन्नातला दुसरा संगीतकार सालियेरी याने मोझार्टला विष घातलं ही कथाही अशीच. पुश्किनने १८३० मध्ये तिच्यावर नाटक लिहिलं, १९८४ च्या ‘अमेडियस’ चित्रपटाने ती जगभर नेली. पुरावा मात्र कधीच मिळाला नाही.

मोझार्टला या कामासाठी सलग वेळ मिळालाच नाही. ६ सप्टेंबरला प्रागमध्ये ‘ला क्लेमेन्झा दी तीतो’ हा ऑपेरा, ३० सप्टेंबरला व्हिएन्नात ‘मॅजिक फ्लूट’, त्यानंतर क्लॅरिनेट कॉन्चेर्टो, १५ नोव्हेंबरला फ्रीमेसन मंडळींसाठीचा एक छोटा कँटाटा. २० नोव्हेंबरला त्याने अंथरूण धरलं आणि ५ डिसेंबरला, रात्रीचा एक वाजायला पाच मिनिटं असताना तो गेला. वय ३५. मागे पत्नी कॉन्स्टान्झ, सात वर्षांचा एक मुलगा, चार महिन्यांचा दुसरा आणि बरंचसं कर्ज.

तेव्हा हस्तलिखित कोणत्या अवस्थेत होतं हे समजायला मोझार्टची लिहिण्याची पद्धत माहीत हवी. तो आधी एखाद्या भागाचा सांगाडा पहिल्या बारपासून शेवटच्या बारपर्यंत उभा करायचा: गायनाच्या चार ओळी (सोप्रानो, आल्टो, टेनर, बास), तळाशी मंद्र स्वरांची ओळ, आणि ऑर्गनवाल्याला स्वरमेळ कळावेत म्हणून तिच्यावर आकडे. मधल्या ओळी रिकाम्या. जिथे एखादं वाद्य महत्त्वाचं बोलणार असेल तिथे तेवढेच बार भरायचे, उरलेलं भरण दुसऱ्या फेरीत. रिक्विएममध्ये ही दुसरी फेरी झाली ती फक्त पहिल्या भागाची, म्हणजे ‘इंट्रोइटस’ची. त्यापुढच्या ‘कीरिए’चा फ्यूग (एकच सुरावट एकेका आवाजाने उचलत गुंफत नेण्याचा प्रकार) गायनात पूर्ण आहे, तिथली वाद्यं बरीचशी गायकांच्याच ओळी दुपटीने वाजवतात, त्यामुळे ते भरण कुणा जाणकाराला सहज करता आलं. ‘दीएस इरे’पासून ‘कोनफुतातिस’पर्यंत आणि पुढे ‘दोमिने येसू’, ‘होस्तियास’ हे सांगाड्याच्या रूपात आहेत. ‘लाक्रिमोसा’ आठव्या बारला थांबतो. ‘सांक्तुस’, ‘बेनेदिक्तुस’ आणि ‘आग्नुस देई’ यांचं मोझार्टच्या अक्षरातलं काहीही हाती नाही.

इथे एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा. सांगाडा म्हणजे कच्चा आराखडा नव्हे. चाल, स्वरमेळ, शब्दांची फेक, भागाची लांबी हे सगळं त्यात ठरलेलं आहे. सांगाड्याच्या रूपातल्या भागांपैकी ‘रेकोर्दारे’ ऐकताना आपण मोझार्टच ऐकतो, फक्त मधल्या काही वाद्यांचा रंग दुसऱ्याचा असतो.

कॉन्स्टान्झपुढचा प्रश्न रोकड्याचा होता. रचना पूर्ण करून दिली नाही तर उरलेले पैसे बुडणार आणि आगाऊ रक्कम परत मागितली जाणार. तिने आधी योसेफ आयब्लर या संगीतकाराला विचारलं. २१ डिसेंबर १७९१ ला त्याने कागद ताब्यात घेतल्याची पावती लिहून दिली आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या मध्यापर्यंत काम पुरं करण्याचा शब्द दिला. आयब्लरने थेट मोझार्टच्याच पानांवर ‘दीएस इरे’ ते ‘कोनफुतातिस’ची वाद्यं भरली. ‘लाक्रिमोसा’त सोप्रानोचे आणखी दोन बार लिहिले आणि तिथे काम सोडून दिलं. जे आहे ते सजवणं त्याला साधलं होतं. नव्याने रचायची वेळ आली तिथे तो थांबला. त्याचं वाद्यलेखन फार चांगलं आहे, मोझार्टच्या ओळींमध्ये कमीत कमी ढवळाढवळ करणारं. ते पुढे बाजूला पडलं ही या इतिहासातली मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट.

शेवटी काम आलं फ्रान्झ क्साव्हर झ्यूसमायरकडे. हा पंचविशीतला, शेवटच्या महिन्यांत मोझार्टच्या हाताखाली काम केलेला. त्याने नवे कागद घेतले, मोझार्टचा सांगाडा त्यांवर उतरवला, वाद्यं भरली (काही ठिकाणी आयब्लरचं भरण वापरून), ‘लाक्रिमोसा’ पुरा केला आणि उरलेले तीन भाग लिहिले. अखेरच्या ‘कोम्युनियो’साठी त्याने पहिल्या भागाचं आणि ‘कीरिए’च्या फ्यूगचं संगीत नव्या शब्दांवर बसवलं. हीच मोझार्टची इच्छा होती, असं कॉन्स्टान्झ सांगत असे.

मोझार्टच्या हातची पहिल्या दोन भागांची पानं आणि त्यापुढे झ्यूसमायरची पानं, असा गठ्ठा काउंटकडे गेला. झ्यूसमायरचं अक्षर मोझार्टच्या अक्षराशी इतकं मिळतं की पुढे अनेक वर्षं जाणकारही फसले. पहिल्या पानावर मोझार्टची सहीसुद्धा घातली गेली, पण तिच्यापुढे वर्ष पडलं १७९२, म्हणजे मृत्यूनंतरचं.

काउंटने ठरल्याप्रमाणे ती रचना स्वतःच्या हाताने उतरवली, वर आपलं नाव घातलं आणि १४ डिसेंबर १७९३ रोजी वीनर नॉयश्टाटच्या मठाच्या चर्चमध्ये स्वतः संचालन करून सादर केली. त्याला ठाऊक नव्हतं की सुमारे वर्षभर आधीच, २ जानेवारी १७९३ ला, मोझार्टचा आश्रयदाता बॅरन व्हान स्वीटेन याने कॉन्स्टान्झच्या मदतीसाठी व्हिएन्नात हीच रचना वाजवली होती. तिने प्रती ठेवून घेतल्या होत्या. १८०० साली ब्राइटकोफ उंड हेर्टेल या लाइपझिगच्या प्रकाशकांनी ती मोझार्टच्या नावाने छापली, तेव्हा काउंटने दावा ठोकण्याची धमकी दिली. प्रकरण आपसात मिटलं. त्याच प्रकाशकांना झ्यूसमायरने फेब्रुवारी १८०० मध्ये पत्र लिहून ‘सांक्तुस’, ‘बेनेदिक्तुस’ आणि ‘आग्नुस देई’ पूर्णपणे आपले असल्याचं सांगितलं. तीन वर्षांनी तो वारला.

१८२५ मध्ये गोटफ्रीड वेबर या लेखक-संगीतकाराने रचनेच्या अस्सलपणावरच शंका घेतली आणि मोठा वाद पेटला. मोझार्टचे स्नेही आबे माक्सिमिलियान श्टाडलर मोझार्टच्या बाजूने मैदानात उतरले. या वादाने एक चांगलं काम केलं: कागद शोधले गेले. श्टाडलर आणि आयब्लर यांच्याकडे विभागून राहिलेली मोझार्टची मूळ पानं आणि काउंटकडची प्रत, हे सगळं १८३०च्या दशकाअखेर व्हिएन्नाच्या दरबारी ग्रंथालयात, म्हणजे आजच्या ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, जमा झालं. तेव्हापासून कोणता स्वर कुणाच्या हातचा हे पानावर बोट ठेवून सांगता येऊ लागलं. १९५८ च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनात हे हस्तलिखित मांडलेलं असताना कुणीतरी एका पानाचा खालचा कोपरा फाडून नेला. त्यावर मोझार्टच्या हातचे मोजके शब्द होते. तो तुकडा आजतागायत मिळालेला नाही.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनच्या ग्रंथालयात वोल्फगांग प्लाथ या अभ्यासकाला मोझार्टच्या टिपणांचं एक पान सापडलं. त्यावर ‘रेक्स त्रेमेन्दे’ची जुळवाजुळव होती आणि ‘आमेन’ या शब्दावरच्या फ्यूगचे १६ बार. त्या फ्यूगचा विषय म्हणजे पहिल्या भागाचीच सुरावट उलटी केलेली, जिथे ती चढते तिथे ही उतरते. म्हणजे ‘लाक्रिमोसा’नंतर मोझार्ट एक मोठा फ्यूग आणणार होता, असं मानायला जागा आहे. झ्यूसमायरच्या आवृत्तीत तिथे ‘आमेन’ दोन स्वरमेळांत आटोपतं. कॉन्स्टान्झने त्याला काही चिटोऱ्या दिल्या होत्या असं श्टाडलर सांगत. त्यांत हे पान होतं असं मानलं, तर त्याने त्याचा उपयोग केला नाही एवढंच म्हणता येतं.

झ्यूसमायरच्या चुका दाखवणं सोपं आहे. ‘सांक्तुस’ आणि ‘बेनेदिक्तुस’च्या शेवटी येणाऱ्या ‘ओसान्ना’चा फ्यूग नीट उलगडायच्या आत संपतो. तो ‘सांक्तुस’नंतर डी मेजरमध्ये येतो आणि ‘बेनेदिक्तुस’नंतर बी फ्लॅट मेजरमध्ये, प्रघात असा की तो दोन्ही वेळा एकाच स्वरपट्टीत यावा. पण ‘आग्नुस देई’त गायकांच्या बासमध्ये पहिल्या भागाची सुरावट येते, आणि ‘सांक्तुस’ची सुरुवात ‘दीएस इरे’च्या सुरावटीला धरून चालते. इतकी घट्ट वीण त्याच्या इतर कामात सहसा दिसत नाही. म्हणून या भागांच्या मुळाशी मोझार्टच्या तोंडी सूचना किंवा हरवलेली टिपणं असावीत, असं अनेक अभ्यासकांना वाटतं आणि मलाही ते पटतं.

गेल्या पन्नासेक वर्षांत नव्या आवृत्त्या झाल्या त्या याच प्रश्नांवरून. फ्रान्झ बायरने झ्यूसमायरची मांडणी ठेवून वाद्यलेखन साफ केलं. रिचर्ड माउंडरने ‘सांक्तुस’ आणि ‘बेनेदिक्तुस’ काढूनच टाकले आणि ‘आमेन’ फ्यूग घातला. रॉबर्ट लेव्हिनने १९९१ साठी केलेल्या आवृत्तीत ‘आमेन’ फ्यूग आहे, ‘ओसान्ना’ वाढवलेला आहे आणि तो दुसऱ्यांदाही डी मेजरमध्येच परततो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने झ्यूसमायरची आवृत्ती घ्यावी, कारण दोन शतकं जगाने तीच ऐकली. १८४९ मध्ये शोपँच्या अंत्यविधीत पॅरिसला जो रिक्विएम गायला गेला तोही हाच. नंतर लेव्हिनची घेऊन ‘लाक्रिमोसा’च्या पुढे कान द्यावा.

वृंदाने बसवायला घेताना दोन गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात. पहिली वाद्यांची. या रचनेत बासरी, ओबो, फ्रेंच हॉर्न नाहीत; फुंकवाद्यांत दोन बॅसेट हॉर्न, दोन बसून, दोन ट्रम्पेट आणि तीन ट्रॉम्बोन, जोडीला टिंपनी, तंतुवाद्यं आणि ऑर्गन. बॅसेट हॉर्न हा क्लॅरिनेटचाच खालच्या पट्टीचा भाऊबंद, पण वादक सहज मिळत नाहीत म्हणून साधे क्लॅरिनेट लावले जातात. स्वर तेच राहिले तरी आवाज उजळतो आणि सुरुवातीचा झाकोळ पातळ होतो. दुसरी गोष्ट छापील प्रतींची. वेगवेगळ्या आवृत्त्यांत ‘लाक्रिमोसा’पासून पुढे बारचे आकडे जुळत नाहीत. अर्ध्या गायकांच्या हाती एक आणि उरलेल्यांच्या हाती दुसरी प्रत असेल, तर तालीम तिथेच अडते. म्हणून प्रती मागवण्याआधी संचालकाकडून संपादकाचं नाव लिहून घ्यावं.