संश्लेषित तंतूंचा उष्णता-जलरोध

संश्लेषित तंतूंचा उष्णता-जलरोध : बहुवारिकापासून (लहान रेणू जोडून बनलेल्या लांब साखळ्यांच्या द्रव्यापासून) काढलेला धागा तापला किंवा भिजला तरी आखडू नये, लुळा पडू नये म्हणून त्याच्या अंतर्रचनेत केलेली सुधारणा. दुखणी दोन दिसली तरी मूळ बरेचसे एकच. तंतूतील रेणूंच्या लांब साखळ्या काही ठिकाणी दाटीने ओळीत बसतात, काही ठिकाणी विस्कटलेल्या राहतात. पाणी शिरते ते या विस्कटलेल्या भागात, आणि तापल्यावर आधी सैल होतो तोही तोच.

बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात मागांवर चालणारा पॉलिस्टरचा धागा सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळतो. पण ७०-८० अंशांनाच त्याच्या साखळ्या हलू लागतात. ताणून लांबवलेला कच्चा धागा उकळत्या पाण्यात आखडतो तो त्यामुळेच. म्हणून तो किंवा त्याचे कापड ताणात धरून १८० ते २१० अंशांवर काही क्षण तापवतात व थंड करतात. या उष्णतास्थिरीकरणानंतर धुण्या-इस्त्रीत माप सहसा बदलत नाही. पाण्याची भीती पॉलिस्टरला फारशी नाहीच : साधारण ओलाव्याच्या हवेत तो वजनाच्या जेमतेम ०.४ टक्के ओलावा घेतो. नायलॉन मात्र सुमारे ४ टक्के घेतो. खानापूरकडे आषाढात पडवीत कपडे वाळत घालायला बांधलेली नायलॉनची दोरी झोळ धरते, ती केवळ कपड्यांच्या ओझ्याने नव्हे.

सर्वांत अवघड प्रकरण पॉलिव्हिनिल अल्कोहोलचे. हे द्रव्य गरम पाण्यात चक्क विरघळते. त्याचा कापडासाठी धागा करायचा हा विचारच धाडसी. जपानमध्ये क्योटो येथे इचिरो साकुरादा व री सुंग-गी यांनी १९३९ मध्ये तो साधला. धागा आधी २०० अंशांपुढे तापवून स्फटिकी, म्हणजे दाटीने ओळीत बसलेला, भाग वाढवायचा. मग आम्लाच्या साहाय्याने फॉर्माल्डिहाइडशी विक्रिया करून उरलेल्या विस्कटलेल्या भागातील जलप्रिय गट बांधून टाकायचे. क्रम उलटला तर साखळ्या नीट ओळीत बसत नाहीत. यातून आलेल्या ‘व्हिनिलॉन’चे औद्योगिक उत्पादन १९५० मध्ये सुरू झाले.

वरून दिलेला जलरोधक लेप हा वेगळा उपाय, तो झिजतो.

खरी आच सोसणारे तंतू म्हणजे ॲरामिड. ते वितळत नाहीत, करपतात. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या ओतकामात हा फरक मोलाचा : तापलेल्या धातूचा शिंतोडा उडाला, तर पॉलिस्टरचा सदरा वितळून कातडीला चिकटतो. भट्टीपाशी त्यापेक्षा जाड सुती कपडा बरा.