लेन्स फोकस घेईना, तेव्हा

रात्री साडेदहाला माझा एक जुना विद्यार्थी कॅमेऱ्याची पिशवी छातीशी धरून दारात उभा होता. खानापूर तालुक्यात लग्नांचे फोटो काढतो, थेट हळदीतून उठून बेळगावला आला होता. शर्टावर हळदीचे हात उमटलेले. "मॅडम, लेन्स फोकस घेईना की ओ. उद्या अक्षता हाईत." बॅटरी बदलून झाली होती, कॅमेरा बंद-चालू करून झाला होता, लेन्स काढून तोंडानं फुंकर मारूनही झाली होती. (फुंकर मारू नये. त्यातून थुंकीचे कण काचेवर आणि आत जातात. त्यासाठी रबरी फुगा मिळतो.)

मी शटरचं बटण अर्धं दाबलं. काहीच झालं नाही. घरघर नाही, भिंग हलल्याची चाहूल नाही. दोष कुठे शोधायचा हे मला त्या शांततेवरूनच बरंचसं कळलं.

'फोकस होत नाही' ही तक्रार तापासारखी आहे. ताप एकच, कारणं वेगळी. ऑटोफोकसमध्ये तीन कामं एकामागून एक व्हावी लागतात. समोरचं चित्र धूसर आहे हे कॅमेऱ्याला दिसावं लागतं, भिंग किती आणि कुठल्या बाजूला सरकवायचं याचा निरोप लेन्सला पोचावा लागतो, आणि मग लेन्सच्या आतलं भिंग खरोखर सरकावं लागतं. डोळा, निरोप आणि हात. लेन्स सतत पुढेमागे फिरते आणि कुठेच थांबत नाही, म्हणजे हात धड आहे, डोळ्याला दिसत नाही. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण चित्र जागचं हलत नाही, म्हणजे हात गेला. काहीच होत नाही, तेव्हा आधी निरोपाकडे बघायचं. काही मोटरी इतक्या मुक्या असतात की कानावर भरवसा ठेवता येत नाही. त्या वेळी व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, चित्र हलतंय का ते पाहावं.

डोळ्याचं काम मला सगळ्यात सुंदर वाटतं, आणि ते घरी करून बघता येतं. एक जाड कार्ड घ्या, लग्नपत्रिकेचं चालेल. टाचणीनं त्यात दोन बारीक भोकं पाडा, आडव्या रेषेत, एकमेकांपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर. कार्ड एका डोळ्याला अगदी चिकटवून धरा, दुसरा डोळा मिटा. हातभर अंतरावर एक सुई उभी धरा आणि सुईच्या पलीकडे, लांबच्या झाडाकडे नजर लावा. एका सुईच्या दोन सुया दिसतील. आता नजर सुईवर आणा, दोन्ही सुया सरकून एकमेकींत मिसळतील. जर्मन जेझुइट खगोलज्ञ ख्रिस्टोफ शायनर यानं १६१९ साली डोळ्यावरच्या आपल्या ग्रंथात हा प्रयोग लिहून ठेवला. एका वस्तूकडून निघालेले किरण भिंगाच्या दोन बाजूंनी आत येतात. फोकस बरोबर असेल तर दोन्ही पडद्यावर एकाच जागी पडतात, नसेल तर दोन जागी.

पुढे आणखी एक गंमत आहे. नजर लांब ठेवून एक भोक बोटानं झाका. दोनांपैकी एक सुई नाहीशी होईल. कुठल्या बाजूची गेली ते लक्षात ठेवा. आता सुई लांब धरा, नजर सुईच्या अलीकडे एखाद्या बोटावर आणा आणि तेच भोक झाका. या वेळी दुसऱ्या बाजूची सुई जाईल. म्हणजे चित्र धूसर आहे एवढंच नव्हे, तर फोकस वस्तूच्या पुढे पडलाय की मागे हेही या जोडीवरून कळतं. दोन प्रतिमांमधलं अंतर मोजलं की भिंग किती सरकवायचं तेही कळतं. डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यात हेच चालतं. मुख्य आरसा मधोमध थोडा पारदर्शक असतो, त्यामागच्या छोट्या आरशावरून थोडा प्रकाश खाली तळाशी बसवलेल्या संवेदकाकडे (सेन्सरकडे) जातो आणि तिथे त्या दोन 'सुयांची' तुलना होते. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांत हे काम चित्र टिपणारा संवेदकच करतो. याला फेज डिटेक्शन म्हणतात.

आता सुई आडवी करून बघा, भोकांच्या रेषेला समांतर. दोन सुया दिसेनाशा होतील, कारण एक सुई दुसरीवरच सरकलेली असते. कॅमेऱ्याच्या डोळ्याचा हाच आंधळेपणा आहे. ज्या फोकस बिंदूला (व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या, फोकस धरायच्या छोट्या खुणेला) एकाच दिशेतला फरक कळतो, तो तिरप्या-उभ्या रेषांवर झटकन बसतो आणि नेमक्या आडव्या पट्ट्यांवर भरकटतो, किंवा याच्या उलट. नवरीच्या शहापुरी साडीच्या सपाट रंगावर तो बिचारा काय पकडणार? तोच बिंदू काठावर न्या, लगेच बसेल. मधला बिंदू बहुतेक कॅमेऱ्यांत दोन्ही दिशा ओळखणारा असतो, म्हणून अडलं की मधला बिंदू निवडावा. तोही अडला तर कॅमेरा थोडा तिरका धरावा.

भोकं बुबुळाच्या बाहुलीपेक्षा जास्त लांब पाडली तर एका वेळी दोन्हींतून दिसतच नाही. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना हा अनुभव वेगळ्या रूपात येतो. लेन्सच्या मागे १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (चित्र मोठं करणारी जोडलेन्स) लावला की एफ ५.६ ची लेन्स एफ ८ ची होते (एफचा आकडा मोठा, तितकं लेन्सचं छिद्र अरुंद) आणि बऱ्याच डीएसएलआरमध्ये फोकस बसेनासा होतो. तो संवेदक भिंगाच्या ठरावीक दोन कडांकडून प्रकाश घेतो, आणि छिद्र अरुंद झालं की त्या कडाच झाकल्या जातात. लेन्स बिघडलेली नसते. शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक टिपताना पहाटे तीनला फोकस भरकटतो तेही प्रकाश अपुरा म्हणून. तिथे रथाच्या दिव्याची कड, मावळ्याच्या तलवारीची चमक असं काहीतरी धरावं लागतं. चोर्ला घाटातल्या धुक्यात तर धरायला कडच नसते. आणि मंगळसूत्राच्या वाट्या जवळून टिपायच्या नादात आपण लेन्सच्या किमान अंतराच्याही आत शिरतो. कॅननच्या ५० मिलिमीटर एफ १.८ एसटीएम लेन्सची ही मर्यादा ३५ सेंटिमीटर आहे. त्याच्या आत कितीही वेळा बटण दाबा, फोकस बसणार नाही.

हे तंत्र सर्रास कॅमेऱ्यांत यायला वेळ लागला. कोनिकाचा सी३५ एएफ १९७७ मध्ये आला, तो मोठ्या प्रमाणावर तयार झालेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा. पोलरॉइडनं पुढच्याच वर्षी निराळा मार्ग धरला. कॅमेऱ्यातून ध्वनीची एक चिवचिव सोडायची, आपल्या कानाला न ऐकू येणारी, आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं. आपल्या भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहांमधली वटवाघळं अंधारात वाट काढतात ती अशीच. (रॉटन यांच्या नावानं ओळखली जाणारी ती दुर्मीळ जात शास्त्राला १९१३ मध्ये याच गुहांमधून कळली.) त्या कॅमेऱ्याची अडचण अशी, की खिडकीच्या काचेआडून फोटो काढला तर काचेवरूनच प्रतिध्वनी यायचा आणि फोकस काचेवर बसायचा. फेज डिटेक्शन आणि मोटर दोन्ही बॉडीत, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात, घालून १९८५ मध्ये मिनोल्टाचा ७००० आला आणि एसएलआरचं जग बदललं. हनीवेल कंपनीनं त्यावर पेटंटभंगाचा दावा ठोकला आणि १९९२ मध्ये मिनोल्टानं १२ कोटी ७६ लाख डॉलर मोजून तो मिटवला.

पण त्या रात्री डोळ्याचा प्रश्न नव्हता. ट्यूबलाइटचा लख्ख प्रकाश होता, समोर कॅलेंडरची ठळक अक्षरं होती. लेन्सवरचा खटका एएफवर (ऑटोफोकसवर) होता. तोही आधी बघावा, पिशवीत घासून तो एमएफवर (हातानं फोकस करायच्या खुणेवर) सरकलेला मी कितीदा तरी पाहिला आहे. लेन्स दुसऱ्या बॉडीवर लावून बघायची आणि या बॉडीला दुसरी लेन्स लावून बघायची, ही अदलाबदल दहा मिनिटांची असते आणि निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. त्याच्याकडे दुसरी लेन्स होती, ती नीट चालली. म्हणजे बॉडी शाबूत. आणि ही लेन्स लावली की पडद्यावरचा एफचा आकडाच दिसत नव्हता. लेन्स जोडलेली आहे हेच कॅमेऱ्याला कळत नव्हतं.

बॅटरी काढून ठेवली, लेन्स उतरवली आणि मागची कडा दिव्याखाली धरली. सोन्याचा मुलामा दिलेले इवले संपर्कबिंदू ओळीनं बसवलेले असतात, वीज आणि निरोप दोन्ही त्यांच्यातून जातात. चार बिंदू चमकत होते. उरलेल्यांवर पातळ, पिवळसर, तेलकट साय धरली होती. हळदीत तेल कालवलेलं असतं, आणि हळदीच्या बोटांनीच त्यानं घाईत लेन्स बदलली होती. तेलातून वीज वाहत नाही. चष्म्याच्या मऊ फडक्याच्या कोपऱ्याला दोन थेंब आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलं, लेन्स तोंड खाली करून धरली आणि एकेका बिंदूवरून हलकेच पुसलं. फडक्यावर पिवळी रेघ उमटली. बॉडीच्या बाजूचे बिंदू स्प्रिंगवर असतात, ते त्याहून हलक्या हातानं पुसले. बटण अर्धं दाबलं. टिक. कॅलेंडरवरचा 'गुरुवार' लख्ख.

खोडरबरानं घासायचा सल्ला सर्रास दिला जातो. मी देत नाही. मुलामा अगदी पातळ असतो, आणि रबराचा चुरा नेमका आरशाच्या खोलीत जाऊन पडतो. कोरडी हळद हा वेगळाच त्रास. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या किंवा चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत भंडारा उधळतो तेव्हा ती पूड फोकसच्या कड्याच्या फटीत शिरते. तिथे लेन्स बदलूच नये आणि कड्यावर पारदर्शक पिशवी बांधावी.

राहिला हात. एमएफवर खटका टाकून कडं फिरवा. सगळीकडे सारखं फिरतं का, एखाद्या जागी खरखरतं का, अडतं का? अडत असेल तर आत कण गेलाय किंवा पडून नळी वाकलीय, आणि जोर लावला तर नुकसान वाढतं. जुन्या स्वस्त लेन्समध्ये छोटी मोटर आणि दातेरी चक्रं असतात. खटका एएफवर असताना कडं जबरदस्तीनं फिरवलं की दाते झिजतात, मग मोटर नुसती गरगरते. अल्ट्रासॉनिक मोटरची गोष्टच निराळी. पियेर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार येतो. उलटही खरं आहे, वीज दिली की ते किंचित आकसतात-फुगतात. अशा सिरॅमिकच्या कड्यावर सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा कंप देऊन एक लाट गोल फिरवतात आणि तिच्या माथ्यांवर टेकलेलं दुसरं कडं पुढे ढकललं जातं. जत्रेत गर्दीच्या डोक्यावरून हातोहात पालखी सरकावी तसं. सगळा खेळ घर्षणाचा आहे, त्यामुळे त्या पृष्ठभागावर तेल गेलं की हात निसटतात.

काही वेळा हात मुळात नसतोच. निकॉनच्या जुन्या पद्धतीच्या, 'डी' खुणेच्या ५० मिलिमीटर लेन्समध्ये मोटर नाही, ती बॉडीतल्या मोटरीवर चालते. आणि डी३००० व डी५००० मालिकेतल्या बॉडीत ती मोटर दिलेली नाही. जुनी लेन्स स्वस्तात घेणाऱ्यांना हे दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगते. ती जोडी हातानं फोकस करूनच वापरायची. उलट, नव्या काही लेन्स बंद असताना हलवल्या तर आत खुळखुळतात. त्यांचं भिंग चुंबकी मोटरवर तरंगत असतं, वीज आली की जागेवर येतं. घाबरू नये.

मोबाईलचं भिंगही चुंबकानं आणि तारेच्या वेटोळ्यानंच हलतं. बुलेटच्या हँडलला मोबाईल अडकवून घाट उतरणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. मोठ्या इंजिनाच्या दुचाकीचा जोरदार कंप दीर्घकाळ बसला तर कॅमेऱ्याची स्थिरता आणि ऑटोफोकस बिघडू शकतो, असा इशारा ॲपलनं २०२१ मध्ये दिला होता. मोबाईलचं चुंबक असलेलं कव्हरही त्यात ढवळाढवळ करू शकतं.

पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडे महिनोन्‌महिने हवा ओली असते. चामड्याच्या पिशवीत ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते आणि संपर्कबिंदू काळवंडतात. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. नारिंगी दाणे हिरवे झाले की ते सुकवायची वेळ झाली.

लग्न पार पडल्यावर तोच मुलगा दुसरी लेन्स घेऊन आला, १८ ते ५५ मिलिमीटरची झूम. १८ ला फोकस बसायचा, ३५ च्या पुढे नेलं की मरायचा, मागे आणलं की परत जिवंत. संपर्कबिंदू स्वच्छ होते. झूम करताना नळी पुढेमागे होते आणि आतली कागदासारखी पातळ, चपटी केबल दर वेळी दुमडते-उलगडते. पत्रा वारंवार वाकवला की तुटतो, तसे त्यातले तांब्याचे पट्टे कधीतरी चिरतात. नळी आत असताना चिरेची तोंडं टेकलेली असतात, बाहेर आली की सुटतात. हे घरी उघडायचं काम नाही.

मी त्याला एक चिठ्ठी करायला सांगितली आणि लेन्सला रबर लावून बांधायला. त्यानं लिहिलं: "१८ ते ३५ फोकस बसतो. ३५ च्या पुढे नाही, आवाजही नाही. दुसऱ्या बॉडीवर तेच. हातानं कडं नीट फिरतं. पडलेली नाही." दुरुस्तीवाल्यानं चिठ्ठी वाचली, लेन्स कॅमेऱ्याला न लावताच ड्रॉवर उघडला आणि केबल शोधायला लागला.