२१ दिवसांत सवय लागते, हे खरं नाही

घरून चित्रं काढून पोट भरणाऱ्या आम्हा लोकांना एक सल्ला हमखास मिळतो: सकाळी दहाला टेबलाशी बसा, संध्याकाळी सातला ब्रश धुऊन ठेवा, २१ दिवसांत अंगवळणी पडेल.

हा आकडा मुळात कामाच्या वेळापत्रकाचा नाहीच. अमेरिकी प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांनी १९६० मध्ये लिहिलं, की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना साधारण किमान २१ दिवस लागतात. पुढे सांगोवांगी त्यातला ‘किमान’ गळून पडला आणि उरला तो नियम.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ९६ जणांच्या रोजच्या सवयी तपासल्या. २००९ मध्ये निष्कर्ष आले: कृती आपोआप व्हायला साधारण ६६ दिवस, कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४. एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही दिसलं. मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. दिवाळी अंकांची रेखाटनं अंगावर आली की सातची वेळ मोडतेच. माझी बाविसाव्या दिवशी मोडली, तेव्हा मी स्वतःला आळशी ठरवून संध्याकाळची विश्रांतीच सोडून दिली होती. तसं करायचं काहीच कारण नव्हतं.