टिसचं एम.ए.: दोन फॉर्म, एक दाखला आणि 1 एप्रिलची भानगड

सामाजिक संस्था चालवायची म्हणजे निधी, हिशेब, माणसं आणि कायदा हे सगळं सांभाळायचं. ते रीतसर शिकायला मुंबईतलं पहिलं नाव टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. 1936 साली सुरू झालेली ही संस्था 1964 पासून अभिमत विद्यापीठ आहे. देवनारच्या आवारात सोशल आंत्रप्रेन्युअरशिप आणि सोशल वर्कची एम.ए. होते, तुळजापूरलाही केंद्र आहे. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि पूर्णवेळ; संस्थेतली नोकरी सांभाळून तो होत नाही.

पात्रता सोपी आहे: कोणत्याही शाखेची किमान तीन वर्षांची पदवी. शेवटच्या वर्षाला असलात तरी अर्ज चालतो, फक्त गुणपत्रिका दिलेल्या मुदतीत दाखवावी लागते. विद्यापीठाचा निकाल लांबला तर इथेच अडतं, म्हणून मागच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आधीच काढून ठेवा.

2024 पासून बहुतेक एम.ए.चे प्रवेश सीयूईटी-पीजी या देशभरातल्या सामायिक प्रवेश परीक्षेवर होतात. एचआरच्या, म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या एम.ए.ला मात्र आता कॅटचे (एमबीएच्या प्रवेश परीक्षेचे) गुण लागतात. त्यामुळे आपल्या अभ्यासक्रमाला कोणती परीक्षा आणि कोणता पेपर, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघूनच पैसे भरा. पेपर चुकीचा निवडला तर गुण कितीही पडोत, उपयोग शून्य. सीयूईटीला 75 प्रश्न, एकूण 300 गुण. बरोबर उत्तराला 4, चुकलं की 1 वजा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दोन फॉर्ममुळे. सीयूईटी घेणाऱ्या एनटीए या संस्थेच्या साइटवरचा फॉर्म परीक्षेचा. प्रवेशासाठी टिसच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते, तिथे सीयूईटीचा अर्ज क्रमांक टाकायचा आणि शुल्क पुन्हा भरायचं. परीक्षा झाली की मुलं निकालाची वाट बघत बसतात आणि नोंदणीची तारीख निघून जाते.

नावाचंही बघा. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी. फॉर्ममध्ये दहावीप्रमाणेच अक्षर न् अक्षर लिहा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा.

आता दाखले. टिसमध्ये आरक्षण केंद्राच्या नियमाने आहे: एससी 15, एसटी 7.5, ओबीसी 27 आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) 10 टक्के. राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेयर, म्हणजे ओबीसी कुटुंब उन्नत गटात नसल्याचा दाखला, इथे चालत नाही. सेतू केंद्रात अर्ज करतानाच 'केंद्र शासनासाठी' असं सांगा. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे ना, तेही आधी तपासा. व्हीजे-एनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हे राज्याचे प्रवर्ग आहेत, टिसच्या फॉर्ममध्ये त्यांचा रकाना नसतो.

ओबीसी आणि ईडब्ल्यूएस, दोन्हीला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 8 लाखांचीच, पण मोजणी निराळी. ओबीसीच्या उत्पन्नाच्या कसोटीत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. ईडब्ल्यूएसमध्ये सगळं धरतात, आणि कुटुंबाकडे 5 एकर किंवा जास्त शेतजमीन असली की उत्पन्न कितीही कमी असो, दाखला मिळत नाही. जमीन दोन गावांत विखुरलेली असली तरी एकत्र मोजतात, म्हणून सातबाऱ्यासोबत प्रत्येक गावचा आठ-अ (त्या गावातल्या आपल्या सगळ्या जमिनीचा एकत्र उतारा) काढून बेरीज करून बघा.

आणि ती 1 एप्रिलची गोष्ट. फॉर्म साधारण हिवाळ्यात भरला जातो, प्रवेश उन्हाळ्यात. मध्ये आर्थिक वर्ष बदलतं. जानेवारीत काढलेला दाखला जुन्या वर्षाचा ठरतो आणि पडताळणीत बाद होतो. राज्याचं नॉन-क्रीमी लेयर तीन वर्षांपर्यंतचंही मिळतं, त्या सवयीने इथे फसायला होतं. नवा दाखला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच टाका; जूनमध्ये सगळ्या कॉलेजांची गर्दी उसळली की प्रांत कार्यालयात फाइल किती दिवस पडून राहील, सांगता येत नाही.

मुलाखतीसाठी कागदांचे दोन संच ठेवा, मूळ आणि स्वतः सही केलेल्या प्रती. एखाद्या संस्थेत काम केलं असेल तर तिच्या लेटरहेडवर काळ आणि कामाचं स्वरूप लिहून घ्या. 'सक्रिय सहभाग घेतला' असल्या ओळीपेक्षा 'बचत गटांच्या हिशेबवह्या लिहिल्या' ही ओळ बरी, कारण पुढचे प्रश्न त्यावरूनच निघतात.